खूण कुणाला दिसते?

‘शेवट अनपेक्षित आहे’ हे वाक्य परीक्षणात आलं की कथालेखक खूश होतो. परीक्षकही खूश, कारण मग त्याला दुसरं काही शोधावं लागत नाही. मला ते वाक्य दिसलं की एकच विचारावंसं वाटतं. अनपेक्षित कुणाला? कथेतल्या माणसाला की वाचणाराला? आणि वाचणारा म्हणजे तरी कोण? आरामखुर्चीत बसलेला, की रात्रपाळी करून आलेला? दोघांची अपेक्षा एकच असते असं कुणी ठरवलं?

हा प्रश्न घेऊन मी एका अमेरिकन कथेकडे जाणार आहे. लेखिका केट शोपँ. कथा ‘देझिरेज बेबी’, म्हणजे देझिरेचं बाळ. 1893 च्या जानेवारीत ‘व्होग’ नावाच्या मासिकात ती छापून आली. लेखिका गोरी, गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मलेली. नवरा न्यू ऑर्लिन्सचा कापसाचा व्यापारी आणि व्हाइट लीग या गोऱ्यांच्या सशस्त्र संघटनेतला. तेव्हा ती आपल्या बाजूची लेखिका, असं म्हणून मी तिला इथं आणत नाही. आणतोय ते एवढ्यासाठी की तिच्या कथेतला शेवटचा धक्का जन्माचा आहे. आपल्याकडची नवी पोरं जो धक्का देण्यासाठी धडपडत असतात तोच.

त्याआधी कलाटणीच्या कथेचं यंत्र कसं चालतं ते थोडक्यात. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घ्या, मोपासाँची हाराची गोष्ट, 1884 सालची. कारकुनाची बायको मातिल्द मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार मागून नेते, हरवते. नवराबायको छत्तीस हजार फ्रँकचा तसलाच हार घेऊन परत करतात आणि दहा वर्षं कर्ज फेडत झिजतात. शेवटी कळतं, मूळ हार खोटा होता, फार तर पाचशेचा. वाचणारा दचकतो. पण मागं जाऊन बघा. मैत्रीण हार किती सहज देऊन टाकते! ज्या जवाहिऱ्याचं नाव डबीवर आहे तो म्हणतो, हार माझा नव्हे, डबी तेवढी मी दिली. हार परत करताना मैत्रीण डबी उघडूनसुद्धा बघत नाही. तिन्ही खुणा उघड्यावर पडल्यात. आपण त्या ओलांडून जातो, कारण आपण मातिल्दबरोबर घाबरलेले असतो. डबी उघडली नाही म्हणून ती सुटकेचा श्वास टाकते, आपणही टाकतो. खूण लपवायची म्हणजे काळोखात ठेवायची नाही. तिला दुसरं काम लावून द्यायचं. मग वाचणारा त्या कामाकडे बघतो, खुणेकडे बघत नाही.

प्राध्यापक याला पूर्वसूचना म्हणतात. मी खूणच म्हणतो. खूण म्हटलं की बघणारा माणूस डोळ्यांपुढं येतो.

शोपँबाईंनी मोपासाँच्या काही कथा इंग्रजीत आणल्या होत्या, म्हणजे हे यंत्र तिनं हातानं उघडून पाहिलेलं होतं. आता तिची कथा. शेवट सांगूनच टाकतो, नाहीतर बोलता येणार नाही.

लुईझियाना, गुलामगिरी चालू असतानाचा काळ, म्हणजे 1865 च्या आधीचा. वालमोंदे नावाच्या मळेवाल्याच्या फाटकाशी, दगडी खांबाच्या सावलीत, एक लहान पोर झोपलेली सापडते. कुणाची, कुठली, काही पत्ता नाही. मूल नसलेली मालकीण तिला वाढवते, नाव देझिरे. अठरा वर्षांनी त्याच खांबाला टेकून ती उभी असताना शेजारच्या मळ्याचा मालक आर्मां ओबिन्यी घोड्यावरून जातो आणि वेडा होतो. सासरा म्हणतो, बाबा, पोरीच्या जन्माचा ठावठिकाणा नाही, विचार कर. आर्मां म्हणतो, नाव नसेना का, लुईझियानातलं जुन्यात जुनं नाव मी तिला देतोय. लग्न होतं, मुलगा होतो. आर्मां इतका खूश की गुलामांना मारायचं थांबवतो. मग बाळ तीन महिन्यांचं होतं आणि घरातली हवा बदलते. लांबलांबचे शेजारी उगीच येऊन जायला लागतात. नवरा नजर चुकवतो, गुलामांवर पुन्हा कोरडा ओढतो. एका दुपारी देझिरे बाळाकडे बघत बसलेली असते. ला ब्लांश नावाच्या गुलाम बाईचं पोरगं मोरपिसांच्या पंख्यानं बाळाला वारा घालत असतं. ती एकदा बाळाकडे बघते, एकदा त्या पोराकडे. आणि तिचं रक्त गोठतं. ती नवऱ्याला विचारते. तो सांगतो, मूल गोरं नाही, म्हणजे तू गोरी नाहीस. ती हात पुढं करते, बघ, तुझ्या हातापेक्षा माझा हात गोरा आहे. तो म्हणतो, ला ब्लांशइतका गोरा. मानलेली आई बोलावते, बाळाला घेऊन ये. देझिरे बाळाला उचलते आणि आईच्या घरच्या रस्त्यानं न जाता कापणी झालेल्या रानातून पायातल्या नाजूक सपातांनिशी दलदलीच्या पाण्याकडे जाते. परत येत नाही.

काही आठवड्यांनी आर्मां अंगणात जाळ करतो. पाळणा, कपडे, सगळं गुलामांच्या हातून त्यात टाकतो. शेवटी देझिरेची पत्रं. ज्या खणात ती होती त्याच खणात एक जुन्या पत्राचा तुकडा सापडतो. तो त्याच्या आईनं त्याच्या बापाला लिहिलेला असतो. त्यातून कळतं की काळ्या वंशाची होती ती त्याची आई.

इथं कथा संपते. आर्मांनं पत्र वाचल्यावर काय केलं, एक अक्षर नाही.

आता खुणा. या कथेत दोन प्रकारच्या खुणा आहेत. एक ओरडणारी, दुसऱ्या कुजबुजणाऱ्या. ओरडणारी खूण म्हणजे देझिरेचा निनावी जन्म. ती पहिल्याच पानावर, तीही दोनदोनदा. दगडी खांब दोनदा, सासऱ्याचा इशारा वेगळा. ती खूण खोटी. खोटी म्हणजे लेखिकेनं खोटं सांगितलं असं नाही. देझिरे कुणाची ते शेवटपर्यंत कळतच नाही. पण वाचणाराचं बोट धरून ती त्याला चुकीच्या दाराशी उभं करते. ज्याच्या जन्माचा दाखला नाही त्याच्याच रक्तात खोट असणार, असं तो वाचणारा गृहीत धरून चाललेला असतो. लेखिकेला ते माहीत आहे. तिचं सगळं भांडवल ते गृहीतकच आहे.

कुजबुजणाऱ्या खुणा आर्मांकडच्या. त्याच्या घराचं वर्णन येतं, लाब्री म्हणतात त्या घराला. उदास घर, काळं उतरतं छप्पर, भोवती ओकची झाडं. का उदास? तर कित्येक वर्षं त्या घरानं मालकीण पाहिलेली नाही. म्हाताऱ्या ओबिन्यीनं लग्न फ्रान्समध्ये केलं आणि बायकोला मातीही तिथंच दिली, कारण तिचा आपल्या देशावर इतका जीव होता की तो सोडून ती कधी आलीच नाही. म्हणजे बघा, खुणेला कामाला लावलंय. वाचणाराला वाटतं हे घराच्या उदासपणाबद्दल चाललंय. आर्मां आठ वर्षांचा असताना आई पॅरिसात वारली आणि बाप त्याला घेऊन परतला, हेही असंच, लहानपणापासूनची ओळख सांगता सांगता. आर्मांचा चेहरा सावळा आणि देखणा, हे कुठं येतं? तो हल्ली चिडत नाही हे सांगताना. बाळ मोठ्यानं रडतं हे सांगायचंय, तर देझिरे कौतुकानं म्हणते, परवा आर्मांला तो पार ला ब्लांशच्या खोपटापर्यंत ऐकू आला. काम: आवाजाचं माप. खूण: मालक त्या खोपटात होता.

याचा एक पडताळा मी घेतला. ही कथा मी आमच्या आत्याला तोंडी सांगितली. आत्याला अक्षरओळख नाही. उमेदीची वर्षं वाड्यावर शेण काढण्यात आणि अंगण सारवण्यात गेली. गुलाम म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. मी बाळाच्या रडण्यापर्यंत आलो तशी ती म्हणाली, “थांब. ह्यो मालक त्या बाईच्या खोपीपाशी काय करत व्हता?”

मी म्हटलं, आत्या, ते पुढं येईल. पुढं ते येत नाही, ते मी तिला सांगितलं नाही.

मग म्हणाली, “आन् ह्याची आई सासरी का आली न्हाई कदी?”

मी कथेतलं उत्तर दिलं. तिला तिचा देश फार आवडायचा.

आत्या हसली. “सून व्हय ती. आवडायचं इचारतंय कोन?”

एवढंच. आत्यानं शेवट ओळखला असं मी म्हणणार नाही, ओळखायच्या खेळात ती नव्हतीच. पण लेखिकेनं जिथं जिथं खुणेवर पांघरूण घातलं होतं, नेमक्या त्या दोन जागी तिनं बोट ठेवलं. कारण पांघरूण ज्या कापडाचं होतं ते कापड तिच्या घरात वापरात नाही. बायको नवऱ्याच्या मुलखात आली नाही कारण तिला आपला देश आवडायचा, हे कारण ज्याला पुरतं त्यालाच ती खूण दिसत नाही. मालक खोपटापाशी होता हे ज्याला साधं वाटतं त्यालाच ते नुसतं रडण्याचं माप वाटतं. कथाशास्त्राची पुस्तकं म्हणतात, खूण अशी असावी की पहिल्या वाचनात दिसू नये, दुसऱ्या वाचनात दिसावी. आत्याचं पहिलं वाचन आणि दुसरं वाचन एकच झालं. पुस्तकात त्याची सोय नाही.

आता ला ब्लांश. माझ्या मते कथेचा सगळ्यात दाहक भाग हाच आहे, आणि कथा त्याला हात लावून सोडून देते. नावाचा अर्थच ‘गोरी’. गुलाम बाईचं नाव गोरी! तिच्या पोरांना लेखिका ‘क्वाड्रून’ म्हणते. हा तिकडचा मापाचा शब्द. चार आज्या-आजोबांत एक काळा, तीन गोरे, असा पोरगा म्हणजे क्वाड्रून. माणसाचं रक्त शेर-छटाकात मोजायची ही रीत आपल्याला नवी वाटू नये, आपल्याकडच्या स्मृतींनी अनुलोम-प्रतिलोमाचा असाच जमाखर्च लिहून ठेवलाय. तर हिशेब करा. पोरगा पावहिस्सा काळा, तर आई अर्धी काळी आणि बाप गोरा. आईचाही बाप किंवा आई गोरी. म्हणजे या मळ्याच्या खोपटांत दोन पिढ्या गोरं रक्त उतरत आलंय. ते कुठून आलं? मळ्यावर गोरा पुरुष म्हणून जो कथेत दिसतो तो एकच, मालक. आणि पोरगा मात्र गुलाम, कारण तिथला कायदा म्हणत होता, मूल आईच्या वाटेनं जाईल. बापाचं नाव लागायचं नाही, आईची बेडी लागायची.

देझिरे बाळावरून पोरावर आणि पोरावरून बाळावर नजर फिरवते तेव्हा तिला काय दिसतं? बहुतेक जण म्हणतात, बाळाचा रंग दिसतो. मला वाटतं, बाळ आणि ते पोर एकमेकांचे भाऊ दिसतात. कथेत हे लिहिलेलं नाही. पण सगळ्या खुणा तिकडे जातात. आणि खरं सांगायचं तर, आर्मांच्या आईचं कळल्यावर ‘क्वाड्रून’ हे मापही ढासळतं. बापच पुरता गोरा नव्हता, तर पाव कसला आणि अर्धा कसला?

चेखॉव्हनं नव्या लेखकांना बजावलं होतं की रंगमंचावर भरलेली बंदूक ठेवलीत तर ती उडाली पाहिजे. ला ब्लांशचं खोपट ही अशी भरलेली बंदूक आहे. कथेत ती उडत नाही. उडते दुसरीच, त्या खणातल्या पत्राची. ला ब्लांश या कथेत एकदाही समोर येत नाही. तिचं खोपट येतं, पोरगं येतं, हाताचा रंग येतो. बाई नाही. दुसऱ्या बायकोचा अपमान करायला वापरलेली उपमा एवढीच तिची हजेरी.

अजून एक गोष्ट. आर्मां आठ वर्षांचा असताना आई वारली. आठ वर्षांचं पोर आईचं तोंड विसरतं? माझा यावर विश्वास बसत नाही. आणि ते पत्र देझिरेच्या पत्रांच्याच खणात होतं, म्हणजे त्याच्या हाताखालच्या खणात. तिकडच्या समीक्षकांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, त्याला त्या क्षणी कळलं. दुसरा म्हणतो, त्याला आधीपासून ठाऊक होतं, निदान संशय होता. मी दुसऱ्या बाजूचा आहे. निनावी पोरगी त्यानं उगीच निवडली नाही. तिचा जन्म कोरा होता, उद्या काही निघालंच तर त्या कोऱ्या जागेवर ढकलता येणार होतं. आणि मूल सावळं झालं तेव्हा त्यानं नेमकं तेच केलं. असं वाचलं तर शेवटची कलाटणी आर्मांसाठी कलाटणी राहतच नाही. ती फक्त वाचणारासाठी उरते. मला कथा अशी जास्त भयंकर वाटते.

तरी लेखिकेशी माझं भांडण आहे. शेवटचा धक्का धक्का का वाटतो? कारण त्या पत्रात आईनं आपल्या वंशाला शाप लागलेला मानलंय आणि मुलाला हे कधी कळणार नाही म्हणून देवाचे आभार मानलेत. त्या सुरावर कथा मिटते. आर्मांला शिक्षा झाली म्हणून वाचणारा समाधानानं मान हलवतो. शिक्षा कोणती? तर तो काळा निघाला. म्हणजे काळं असणं ही शिक्षा, यावर वाचणारा आणि आर्मां दोघांचं एकमत असल्याशिवाय हा धक्का बसतच नाही. कथा आर्मांला उघडं पाडते आणि त्याचा तराजू मात्र जागच्या जागी ठेवते. खोपटापाशी ठेवलेल्या खुणा तो तराजू मोडायला पुरेशा होत्या. शेवटच्या ओळीच्या मोहानं लेखिका तिकडे गेली नाही.

त्याच सुमाराला त्याच लुईझियानात काय चाललं होतं ते शेजारी ठेवून बघा. 1892 च्या जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सला होमर प्लेसी नावाचा माणूस आगगाडीच्या गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. आठातला एक हिस्सा काळा, सात हिस्से गोरा, दिसायला गोराच. त्याला आपण होऊन सांगावं लागलं की मी काळ्यांतला आहे. तेव्हा कुठं त्याला अटक झाली. वेगळ्या डब्यांच्या कायद्याविरुद्ध खटला उभा करायचा म्हणून त्यानं आणि तिथल्या लोकांच्या समितीनं हे ठरवून केलं होतं. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्याच्या विरुद्ध दिला, डबे वेगळे पण समान असले की झालं. तो पायंडा 1954 पर्यंत टिकला. माझं म्हणणं इतकंच की एकाच मुलखात, एकाच वेळी, एक माणूस आपला जन्म डब्यात उभा राहून जाहीर करत होता आणि एक कथा तोच जन्म खणाच्या तळाशी लपवत होती, शेवटच्या ओळीसाठी. प्लेसीच्या गोष्टीत कलाटणी नाही. पुढं काय होणार ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

इथं मला बाबुराव बागूल आठवतात. ‘जेव्हा मी जात चोरली होती’, 1963 चा संग्रह, त्याच नावाची कथा. रेल्वेत नोकरीला परमुलखात गेलेला तरुण जात लपवून खोली मिळवतो आणि शेवटी मार खातो. ही कथा धक्क्याची करता आली असती. जात झाकून ठेवायची, शेवटच्या पानावर उघडायची. बागुलांनी ती नावातच सांगून टाकली. ‘चोरली’ या क्रियापदात सगळं आलं. काय झाकलंय तेही आलं आणि ते उघडं पडणार हेही आलं. मग प्रत्येक साधी गोष्ट खूण होते. कुणी नाव विचारलं, कुणी प्रेमानं जेवायला बोलावलं, की वाचणाराच्या पोटात गोळा येतो. धक्का क्षणभराचा असतो. ही धास्ती पानापानाला आहे. आणि कथेत ज्यांना धक्का बसतो ते घरमालकाच्या बाजूचे लोक. वाचणाराला बागुलांनी पहिल्या ओळीपासून त्या तरुणाच्या खोलीत आणून बसवलेलं असतं.

शोपँबाईच्या कथेचं पहिल्या छपाईतलं नाव होतं ‘देझिरेच्या बाळाचा बाप’. ‘बाप’ हा शब्द नावातच होता! सरळ बोट आर्मांकडे. दुसऱ्या वर्षी, 1894 मध्ये ती संग्रहात आली तेव्हा नाव झालं नुसतं ‘देझिरेचं बाळ’. नाव का बदललं ते मी सांगू शकत नाही, पण परिणाम दिसतो. बाप नावातून गेला आणि कथा बाईच्या गळ्यात पडली.

कलाटणी नकोच असं मात्र मी म्हणत नाही. अण्णा भाऊंची ‘स्मशानातील सोनं’ घ्या. खाण बंद पडलेली, भीमा प्रेतं उकरून सोनं काढतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, ती तोडावी लागतात, आणि त्याच दिवशी खबर येते की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान पोरासारखा रडतो. कलाटणीच आहे ही, सणसणीत. पण तिच्या खुणा कुठं आहेत? बंद खाणीत, दगड फोडणाऱ्या हातांच्या ताकदीत. ही खूण कुणाच्या रक्तात नाही, कामात आहे, भाकरीत आहे. ते वाचताना भीमाला हिणवायची सोय कुणालाच मिळत नाही, धक्का बसला तरी.

हे सगळं मी लिहितोय ते आपल्याकडे येणाऱ्या कथांमुळे. दहा कथांत चार अशा, ज्यांत शेवटच्या ओळीला साहेब ‘आपलाच’ निघतो, नाहीतर वाड्यातली सून ‘खालची’ निघते. लिहिणारी पोरं आपली, राग खरा, भाषा धारदार. आणि शेवटी आपलंच नाव बॉम्बगोळ्यासारखं फेकलेलं. अरे, तो गोळा कुणाच्या अंगणात पडतो? ‘अमका महार होता’ या ओळीवर जो दचकतो तो कशानं दचकतो, याचा विचार लिहिताना करायला नको का? त्या दचकण्यावर कथा उभी केली की आपण नकळत आर्मांच्या आईच्या पत्राखाली सही करतो.

परवाच एक कथा आली. लिहिणाराचं नाव सांगत नाही, नवा आहे, चांगला लिहील. कचेरीतला कारकून, आडनाव बदललेला. शेवटच्या ओळीत जात फुटते. पण दुसऱ्या पानावर या पोरानं एक गोष्ट लिहून ठेवलीय. कारकून पाण्याचा पेला घरून पिशवीत आणतो. सगळे त्याला स्वच्छतेचं वेड म्हणून हसतात. पेल्याला थट्टेचं काम लावून दिलंय, आणि खूण तिथंच आहे. हे शिकवून येत नाही. त्याच पानावर कचेरी झाडणारी बाई त्या पेल्याकडे एकदा बघते आणि केर भरून निघून जाते. पुढं ती कथेत येतच नाही.

शोपँच्या कथेतही अशी एक आहे. झांद्रीन, बाळाची दाई. मानलेली आजी बाळाला खिडकीच्या उजेडात नेऊन न्याहाळते आणि मग झांद्रीनकडे बघते. झांद्रीननं तोंड फिरवलेलं असतं, ती बाहेर शेताकडे बघत असते. त्या घरात सगळ्यात आधी तिला कळलंय. तिच्या त्या कळण्याच्या वाट्याला तेवढं एक वाक्य.

पोराला मी लिहिलंय की झाडणाऱ्या बाईला परत आण. पेल्याकडे बघून तिला काय वाटलं, ती त्या कारकुनाशी बोलली का, बोलली तर काय म्हणाली, ते आधी लिही. शेवटची ओळ मी पेन्सिलीनं खोडून ठेवलीय, आणि हस्तलिखित उद्याच्या टपालानं निघतंय.